विंगमधली रात्र

पवईच्या आयआयटीत रात्र अकरानंतर कुठे सुरू होते. हॉस्टेलच्या गॅलरीत दोरीवर वाळणारे टॉवेल, कुठल्याशा खोलीतून बेसूर गिटार, कँटीनच्या मॅगीचा वास, आणि तळ्यावरून येणारा ओलसर वारा. त्या तळ्यात मगरी आहेत, आवारात कधीमधी बिबट्याही फिरकतो, हे पाहुण्याला सांगताना मुलांचा आवाज जरा वर चढतो.

एवढ्या अभ्यासात पोरं जगतात कधी, असं बाहेरचे विचारतात. गंमत म्हणजे करमणुकीची तिथे ददात नाही. मूड इंडिगो हा सांस्कृतिक महोत्सव 1970च्या दशकापासून मुलंच चालवतात, टेकफेस्ट हा तंत्रज्ञानाचा महोत्सव 1998 पासून. शिवाय ‘पाफ’! हॉस्टेलं एकत्र येऊन खुल्या रंगमंचावर नाटक, नाच, चित्रं, सुतारकाम असं सगळं एका प्रयोगात ओततात. त्यासाठी झोपेचं खोबरं करणारी मुलं मी पाहिली आहेत.

माझा भाचा त्यातलाच. पहिल्या वर्षी तो रंगाचे डबे उचलायचा आणि खूश असायचा. तिसऱ्या वर्षी म्हणाला, “मावशी, आता पीओआर घ्यायलाच हवं, रेझ्युमेवर दिसतं.” पीओआर म्हणजे जबाबदारीचं पद. मला ते लागलं. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला प्लेसमेंट सुरू होतात, आणि त्यांची सावली गाण्याबजावण्यावरही आधीपासूनच पडलेली असते.

पदाचा हिशेब नसलेली एकच जागा मला तिथे दिसली: विंग. एका ओळीतल्या आठ-दहा खोल्या, त्यांची दारं सताड उघडी. कुणी मग्गू म्हणजे घोकंपट्टीवाला, कुणी लुक्खा म्हणजे रिकामटेकडा, पण चहाला सगळे एकत्र.

मात्र ही उघडी दारं सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. कोचिंगमध्ये दोन वर्षं कोंडून घेतलेला मुलगा इथेही बहुतेक मुलग्यांतच राहतो. 2018 पासून आयआयटींनी मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या आणि त्यांचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत नेण्याचं ठरवलं. म्हणजे त्याआधी काय असेल ते समजून घ्या. मराठी माध्यमातून आलेलं पोर इंग्रजी विनोदावर अर्धा क्षण उशिरा हसतं. आणि ओळख होताच येणारा तो प्रश्न: “रँक किती?” प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकाचा हा प्रश्न वरवर साधा, पण त्यातून आरक्षणाचा प्रवर्ग जोखला जातो, जातही. 2023 मध्ये संस्थेला लेखी सांगावं लागलं की एकमेकांना रँक विचारू नका. चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहायचं आणि सुरुवात अशी!

अभ्यास आणि जगणं यांचा समतोल म्हणाल तर तो तिथे नाही. मौज भरपूर आहे, आणि एकटेपणही. बऱ्याचदा एकाच मजल्यावर.

तुमचं मूल अशा एखाद्या कॉलेजात असेल, तर आजच्या फोनवर सीपीआय, म्हणजे गुणांची सरासरी, विचारू नका. मेसमध्ये शेजारी कोण बसतं, ते विचारा.