आधी घरघर, मग हादरा

गाणगापुरास दत्तजयंतीच्या गर्दीत जे दर्शनाच्या रांगेत उभे राहिले आहेत, त्यांना अनुतरंग म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मागून रेटा आला की आपण पुढच्याच्या पाठीवर आदळतो आणि सावरून पुन्हा मागे येतो. रेटा मात्र माणसामाणसांतून पार पुढे पोहोचतो. आपण जागच्या जागीच असतो. माध्यमातील कणांचेही असेच आहे. लहर ज्या दिशेने जाते, त्याच रेषेत ते पुढेमागे डोलतात. कोठे दाटी होते, कोठे विरळपणा येतो. शास्त्रात यांना संपीडन व विरलन म्हणतात. पुढे जाते ती ऊर्जा, कण नव्हेत.

हे आम्ही शाळेत शिकलो होतो. उमगले ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. नोकरीनिमित्त आम्ही तेव्हा बसवकल्याणला होतो. आदल्या रात्री गणपतीविसर्जन आटोपून निजलो होतो. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना आईने हाक मारली, "अरे ऊठ, काहीतरी यायलंय." दुरून जड गाडी यावी तशी घरघर ऐकू येत होती. "ट्रक असेल, झोप तू," असे आम्ही म्हणालो, तोच मांडणीवरची भांडी खाली आली.

किल्लारी तेथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. भूकंपाची पहिली लहर अनुतरंगच असते. खडकातून ती सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावते आणि तिचीच घरघर ऐकू येते. भिंती आडव्या हलविणारी दुसरी लहर, म्हणजे अवतरंग, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. हिशेब मांडला तर आईने मिळवून दिलेली सवड पाच सेकंदांची होती. ती आम्ही तिलाच गप्प करण्यात घालविली.

आमचे घर उभे राहिले, म्हणून हे लिहिता येते. किल्लारीत लहरींचा उगम जवळजवळ पायाखालीच होता. तेथे घरघर आणि हादरा यांत सवड अशी उरलीच नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे निजलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे गेली.

लहर निघून गेली की कण आपल्या जागी परततो, असे पुस्तक सांगते. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. आजही रात्री रस्त्याने जड वाहन गेले की आम्ही उठून बसतो, मनात पाचपर्यंत अंक मोजतो आणि मगच पुन्हा आडवे होतो.