नथीची रिकामी डबी



जपानला दहा दिवस खाल्लंत तरी काय, हे पिरंगुटला परतल्यापासून रोज कुणीतरी विचारतंय. ते आधी सांगून टाकते. भात खाल्ला. तिथला भात आपल्या पौडच्या बाजारातल्या आंबेमोहोरासारखा मऊ, चिकट. वास तेवढा नाही. बरोबर नेलेलं मेतकूट, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे. बाहेरचं काही घ्यायची सोय नव्हती, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये आणि उकडलेल्या भाजीतसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. दाशी म्हणतात त्याला. शिवाय नोव्हेंबरअखेर तिकडे पाचच्या आतच सूर्य मावळतो. चार वाजले की मी डबा कुठे उघडायचा ते शोधायला लागायची आणि हे म्हणायचे, "अगं, आत्ता तर जेवलो!"

पण लिहायचंय ते शेवटच्या दिवसाबद्दल.

शेवटचा दिवस कोबेसाठी ठेवायचा, हे यांनीच ठरवलं होतं. रात्रीचं विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून होतं आणि कोबेहून तिथे बसने साधारण सव्वा तासात पोचता येतं. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवला असेल, कारण कोबेत महावीरस्वामींचं मंदिर आहे. स्टेशनवरून चढ चढत कितानो नावाच्या जुन्या वस्तीत गेलं की परदेशी व्यापाऱ्यांचे बंगले लागतात आणि त्यांच्यात हे पांढरं संगमरवरी मंदिर एकदम समोर येतं. 1985 सालचं. गुजराती कुटुंबांनी बांधलेलं, श्वेतांबर. आम्ही सांगलीकडचे दिगंबर. मिटल्यासारख्या, खाली झुकलेल्या नजरेची मूर्ती पाहायची सवय. इथे भगवंतांचे डोळे उघडे आणि चमकदार. क्षणभर बावरले, मग हात आपोआप जोडले गेले. दहा दिवसांत पहिल्यांदा चप्पल काढताना घरी आल्यासारखं वाटलं.

तिथे भेटलेल्या एका वयस्कर बेननी चौकशी केली, आग्रहाने फुलके आणि मुगाची डाळ वाढली. गरम फुलका हातात आला तेव्हा माझे डोळे भरून आले, हे कबूल करते. त्यांच्या कानात मोत्याच्या कुड्या होत्या. माझी नजर तिथे गेली. त्यांच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

ही कुटुंबं कोबेत का आली, तर मोत्यांसाठी. मोती पिकतात दूरच्या खाड्यांत, पण निवडायला, भोकं पाडायला, सर ओवायला कोबेत येतात. गावामागे रोक्को डोंगर आहे. त्याच्याकडून येणारा मऊ उजेड मोत्याची छटा पारखायला चांगला, असं म्हणतात.

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "आता माझं काम." आणि खिशातून डबी काढली. लाल मखमलीची, कोपरे झिजलेली. माझ्या नथीची डबी. रिकामी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. 2003 मध्ये पिरंगुटला जागा घेताना पैसे कमी पडले, तेव्हा माझी लग्नातली नथ, तन्मणी आणि चिंचपेटी विकली. मीच काढून दिली होती. नंतर मी एकदाही विषय काढला नाही, यांनीही नाही. मला वाटलं होतं, विसरले असतील. आणि हा माणूस ती डबी पिरंगुटहून कपड्यांत गुंडाळून कोबेपर्यंत घेऊन आला होता. दुकान पाहून ठेवलेलं. येन वेगळे काढून ठेवलेले. "एक सर घेऊ. नथीचे मोतीही वेगळे घेऊ, सोनं पुण्यात बसवू."

आणि मला नियम आहे.

पाच वर्षांपूर्वी चातुर्मासात माताजींसमोर मी रेशीम आणि मोती सोडले. रेशमाचं घरात सांगितलं, कारण पैठणी वहिनीला द्यायची होती. मोत्यांचं सांगितलंच नाही. सांगायचं काय? घरात एक मोती नव्हता. नसलेली वस्तू सोडायला किती सोपी! मनात थोडी फुशारकीसुद्धा होती, दोन नियम एकदम घेतले म्हणून.

दुकानाच्या दारात उभी राहून मी हे यांना सांगितलं. मोती कसा तयार होतो तेही सांगितलं. शिंपला उघडून त्यात एक मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचा इवलासा तुकडा ठेवतात. ज्याचा तुकडा घेतला, तो तिथेच मरतो. उरलेला वर्ष-दोन वर्षं समुद्रात राहतो आणि हिवाळ्यात मोती काढताना तोही जातो. म्हणजे आम्ही उभे होतो त्याच मोसमात. बोलताना माझाच आवाज मला पाठशाळेतल्या बाईंसारखा वाटला.

हे शांतपणे ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "मग तेव्हा विकलेली नथ?"

तिच्यात मोती होतेच की. सासूबाईंनी ती माझ्या नाकात घातली तेव्हा शिंपला कुणाच्या मनात आला होता? आणि आज तीच नथ कुणी परत आणून दिली असती, तर मी नाही म्हटलं असतं? मला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मंदिरातल्या बेनच्या कुड्यांकडे मी ज्या नजरेने पाहिलं, त्याची मात्र लाज वाटली. त्यांचाच फुलका माझ्या पोटात होता.

"नियम मोड, असं मी म्हणणार नाही," हे म्हणाले. "पण आधी सांगायचंस." रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. दुकानात आत नऊ-दहा सर काचेखाली मांडलेले दिसत होते. हे काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले, शाळेतली मुलं बघतात तसे.

नंतर आम्ही बंदरावर जाऊन बसलो. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा एक तुकडा तिथे तसाच जपून ठेवलाय, दिव्याचे खांब अजून तिरके. सव्वाचार झाले होते. मी डबा काढला, दोन खाकरे, उरलेली चटणी. यांनी न बोलता एक खाकरा घेतला, अर्धा मोडून मला दिला. विमानतळाच्या बसमध्ये आमचं फक्त पासपोर्ट कुणाकडे आहेत, एवढंच बोलणं झालं.

येन यांनी अजून बदलून आणलेले नाहीत. परवा कपाट आवरताना मी ती डबी मागच्या खणात ठेवायला घेतली, तर हे म्हणाले, "राहू दे तिथेच, वर." म्हणून वरच आहे, आरशासमोर, माझ्या कुंकवाच्या करंड्याशेजारी.