मामांची तबकडी

आमचे आजोळ खैरलांजी. हे नाव उच्चारताच लोकांना २००६ साली भंडारा जिल्ह्यात घडलेली भीषण घटना आठवते. ते गाव निराळे. आमची खैरलांजी बालाघाट जिल्ह्यातली, महाराष्ट्राच्या शिवेजवळची. कचेरीत हिंदी आणि घरात मराठी बोलणारी.

दिवाळीनंतरच्या मंडईत २००७ साली झालेली दंडार थोरल्या मामांनी डीव्हीडीवर उतरवून घेतली होती. गाणी मामांचीच, स्त्रीवेष घेऊन गायले होते आमचे धाकटे मामा. पुढे ते वारले. त्यांचा आवाज त्या एका तबकडीवर काय तो उरला, आणि तिच्यावरही डाग पडू लागले होते.

२०१८ च्या दिवाळीत आम्ही आजोळी गेलो, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाचा जुलैमधला एक निकाल आमच्या डोक्यात घोळत होता. परदेशातून सुटे भाग आणून येथे डीव्हीडी यंत्रे जोडणाऱ्यांवर फिलिप्स कंपनीने दावा लावला होता. तबकडीवर लिहिताना आठ अंकांच्या गटाचा सोळा अंकांचा गट करण्याची जी रीत आहे, तिच्याशी निगडित पेटंट कंपनीचे होते. त्याची मुदत फेब्रुवारी २०१५ मध्येच संपली असल्याने वाद उरला तो पैशाचा. न्यायालयाने २७ मे २०१० पर्यंतच्या प्रत्येक यंत्रामागे ३.१७५ डॉलर आणि नंतरच्या यंत्रांमागे १.९० डॉलर असे स्वामित्वशुल्क ठरविले. आम्ही हे मोठ्या रसाने सांगितले. मामा म्हणाले, “म्हणजे बोडी आपली, पाणी आपलं, अन् पाटाचे पैसे दुसऱ्याले? काहून रे बाबू?”

पाट बांधणाऱ्याला मोबदला नको काय, असे आम्ही विचारले. पण ते उत्तर आमचे आम्हालाच थिटे वाटले. आपल्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार गणिती पद्धती, गणनविधी आणि ‘केवळ’ संगणक-आज्ञावली यांना पेटंट मिळत नाही. या ‘केवळ’ने आमच्या व्यवसायबंधूंचे पुष्कळ कल्याण केले आहे! डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने हे दार किलकिले केले होते. २००५ साली संसदेने मूळ शब्द कायम ठेवले. तरीही आज्ञावली यंत्रात शिरून काही तांत्रिक परिणाम घडविते असे दाखविता आले की वाद पुन्हा उभा राहतो.

शुल्क न मागणाऱ्या रीतीही आहेत. गूगलने २०१० साली ऑन-टू ही कंपनी विकत घेऊन तिची व्हीपी-८ ही चित्ररीत सर्वांना खुली केली. त्या खुल्या रीतीवरही पेटंटवाल्यांचा डोळा होताच. २०१३ साली अकरा जणांशी करार करावा लागला, तेव्हा कोठे वातावरण निवळले. विकिमीडिया कॉमन्सच्या स्वयंसेवकांनी तर २०१४ साली सोय बाजूला सारून, पेटंटबद्ध एमपी-४ नको असा कौल दिला.

आम्ही तबकडीवरची दंडार खुल्या रीतीत उतरविली आणि ती कॉमन्सवर ठेवावी असे सुचविले. तेव्हा मामा गप्प झाले. तेथे ठेवायचे म्हणजे गाणीही खुली करावयाची. कोणीही घ्यावी, बदलावी, वाटल्यास विकावी. दुसऱ्याचे कुलूप काढताना आपलेही काढावे लागते, ही गोष्ट वकील असून आम्ही त्यांना आधी सांगितली नव्हती. दोन दिवसांनी त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. मंडळातल्या हयात गड्यांनीही केली.

“धाकटीले विचार,” मामा म्हणाले.

मामींनी सगळा खेळ पाहिला. शेवटी धाकटे मामा डोक्यावरचा टोप काढून चित्र काढणाऱ्या पोराकडे पाहून हसतात, तेथे त्यांनी हात वर केला. “गाणी दे बाबू सगळ्याईले. एवढं हसणं मात्र आपल्यापाशीच राहू दे.”

तेवढा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आम्ही कापून वेगळा ठेवला. मामींच्या मोबाइलमध्ये तो आहे.