खारे वारे, मतलई वारे आणि अठरा होल

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि हवा कोरडी पडली, की ठाणे स्थानकावर कोकणच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्यांच्या सामानात अलीकडे क्वचित एक अनोळखी पिशवी दिसते. उभी, लांबट, खांद्याला अडकवण्याजोगी. शेजारच्या प्रवाशाला ती क्रिकेटची वाटते. आत मात्र गोल्फच्या काठ्या असतात. कल्याण-डोंबिवलीच्या घरांतील मुले नोकरीनिमित्त परदेशी राहून येतात, तेथे हा खेळ शिकतात आणि सुटीला घरी आली की निवृत्त वडिलांनाही त्याची गोडी लावतात. मग घरात प्रश्न निघतो, की समुद्रकाठी चार दिवस जायचेच आहे, तर खेळायचे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर पर्यटनाच्या रंगीत पत्रकात शोधू नये. त्यात सर्वच मैदाने सारखी हिरवी आणि सर्वच समुद्र सारखे निळे असतात.

मुळात गोल्फ हा समुद्रकाठचाच खेळ. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, भरतीची रेषा आणि नांगराखालची शेते यांच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यांचे पट्टे आहेत. त्यांना तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे धान्य पिकत नाही. आखूड, चिवट गवत तेवढे उगवते. पाऊस पडला तरी वाळूतून पाणी लगेच जिरते. मेंढ्या आणि ससे ते गवत कुरतडून बेताचे ठेवीत. जमीन कोणाच्या उपयोगाची नाही आणि गवत कापण्याचा खर्च नाही, अशा ठिकाणी लोक चेंडू टोलवू लागले. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून याच्याच नादी लागले होते. एका फेरीत अठरा होल हा आकडाही कोणी शास्त्र म्हणून ठरवला नाही. सेंट अँड्र्यूज येथे १७६४ मध्ये बावीसचे अठरा झाले आणि पुढे जगाने तेच प्रमाण मानले.

भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर फार लवकर आला. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा. मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ मध्ये आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये उभा राहिला. कुलाब्याला लष्करी वसाहतीत, समुद्राच्या अगदी कडेला, युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान आहे. समुद्राचा वारा अंगावर घेत खेळण्याची हौस मुंबईत कोठे फिटत असेल, तर तेथे. परंतु ही सारी सभासदांची मैदाने. ओळखीचा सभासद बरोबर असल्याशिवाय डोंबिवलीकराला फाटकाबाहेरूनच त्यांचे दर्शन घ्यावे लागते.

म्हणून ठाणे-कल्याणच्या बाजूच्या हौशी माणसाचे पहिले मैदान खारघरचे. सिडकोने डोंगरांच्या कुशीत, सुमारे १०३ हेक्टरांच्या खोऱ्यात ते तयार केले आणि २०१२ मध्ये ते खुले झाले. प्रारंभी होल अकराच होते. पुढे ते अठरा करण्याचे काम हाती घेण्यात आले. याचे वैशिष्ट्य असे, की सभासद नसलेल्या सामान्य नागरिकालाही शुल्क भरून येथे खेळता येते. डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्ता, शीळफाटा, तळोजे असा मार्ग आहे. पहाटे निघाल्यास वाहतूक आड येत नाही. आठ वाजल्यानंतर शीळफाट्याविषयी न बोललेलेच बरे. समुद्रकाठच्या सहलीला जाण्यापूर्वी येथे चार-सहा सकाळी घालवाव्यात. सहलीचा निम्मा खर्च काठी हवेत फिरवण्यात जाऊ नये, एवढाच हेतू.

खारघरला समुद्र दिसत नाही. तो दिसावा अशा जागी, ठाणे जिल्ह्यातच, एक मैदान होऊ घातले होते. सीवूड्सजवळ नेरुळच्या खाडीकाठी गोल्फचे मैदान आणि निवासी इमारती यांसाठी जमिनीचा वापर बदलण्याचा निर्णय झाला होता. नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. याच पाणथळ जागांवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये त्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याची नोंद रामसर यादीत झाली. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा पक्ष्यांना टेकायला किनाऱ्यावरची उथळ तळीच लागतात. ती बुजली, तर अभयारण्याची पाटी राहील आणि पक्षी जातील.

स्कॉटलंड आणि कोकण यांतील फरक येथे ध्यानात येतो. तिकडे मैदान निसर्गाने दिले. माणसाने फक्त खळगे खणले. आपल्याकडे किनाऱ्याची जमीन रिकामी कधीच नव्हती. पुळणीवर होड्या ओढल्या जातात आणि जाळी वाळतात, खाजणात भात पिकतो, खारफुटीत मासळी वाढते, सड्यावर गुरे चरतात आणि उतारावर काजू असतो. तेथे गोल्फचे मैदान करायचे म्हणजे माती बाहेरून आणायची, हिरवळ लावायची आणि पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत तिला गोडे पाणी पाजायचे. त्यावर खत आणि कीटकनाशक आलेच. ज्या घरात पाणी गाळून पितात आणि पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य करतात, त्या घरातील माणसाला हा हिशेब सांगावा लागत नाही. त्याने मैदान निवडताना एवढे तरी विचारावे, की येथील हिरवळीला विहिरीचे पाणी देतात की वापरलेले सांडपाणी शुद्ध करून देतात. उत्तर देताना व्यवस्थापक अडखळला, तर तेही उत्तरच समजावे.

आता गोवा. ठाण्याहून जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या या गाड्या आहेतच. जून २०२३ पासून मडगावची वंदे भारतही ठाण्याला थांबते. कल्याण-डोंबिवलीकरांना कोकणची गाडी गाठण्यासाठी आधी ठाण्याला उलटे यावे लागते, ही जुनी तक्रार वंदे भारतनेही मिटवलेली नाही.

दक्षिण गोव्यात पाहुण्यांच्या उपयोगाची दोन छोटी मैदाने आहेत: बाणावलीला ताज एक्झॉटिकाच्या आवारात आणि काणकोण तालुक्यात राजबागेला ललितच्या आवारात. दोन्ही नऊ होलची. नऊ म्हटल्यावर काही जण नाक मुरडतात. ते अनाठायी आहे. अठरा होलची फेरी म्हणजे सहा-सात किलोमीटरांची चाल आणि चार तास. शिवाय घरच्या सहलीत खेळणारा एक आणि आलेले सहा असतात, हे विसरून कसे चालेल? आजीला सकाळची सामायिक आटोपून किनाऱ्यावर फिरायचे असते, नातवंडांना पाण्यात उतरायचे असते, सुनेला चार दिवस काहीच करायचे नसते. नऊ होल दोन तासांत संपतात आणि खेळणारा न्याहारीच्या वेळी कुटुंबात परत येतो. ज्याला अठराचाच ध्यास आहे, त्याने तीच नऊ दोनदा खेळावीत, किंवा समुद्राचा नाद सोडून पुण्याची वाट धरावी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर क्लबचे सभासदत्व हे स्थिर भांडवल आहे आणि सहलीतली फेरी हा चालू खर्च. वर्षातून तीनदा खेळणाऱ्याने भांडवल अडकवू नये.

बाणावलीचे मैदान सौम्य आहे. होल जवळजवळ, टोले आखूड, नवख्याला आणि वयस्काला मानवणारे. कोणाला खेळात रस नसेल, तर त्याने तेथून फोंडा तालुक्यात बांदोड्याला जावे. तेथे नेमिनाथ बस्तीचे प्राचीन अवशेष आहेत. गोव्याला अनेक वेळा जाऊन आलेल्या घरांनाही त्यांचा पत्ता नसतो.

राजबागेची गोष्ट वेगळी. येथे तळपण नदी समुद्राला मिळते; एका बाजूला तिचे मुख, समोर पुळण, मागे सह्याद्रीच्या उतरत्या रांगा. मोकळे, वाऱ्याच्या तोंडचे आणि जुन्या स्कॉटिश लिंक्सची आठवण देणारे हे मैदान आहे. येथे खरा प्रतिस्पर्धी वारा असतो. शाळेच्या भूगोलात प्रत्येकाने खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. त्या धड्याचा उपयोग पन्नास वर्षांनी येथे होतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेही मंद. ऊन चढले की मध्ये थोडा वेळ हवा पडते आणि दुपारकडे खारे वारे समुद्राकडून आत येऊ लागतात. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा आणि होल १०८ मिलिमीटर व्यासाचा. त्या वाऱ्यात उंच टोलवलेला चेंडू कोठे उतरेल, ते सांगता येत नाही. म्हणून येथे पहिली फेरी सकाळीच खेळावी आणि दुपारी खेळायचेच असेल, तर चेंडू जमिनीलगत ठेवावा.

मात्र सकाळच्या फेरीला एक घरगुती अडचण आहे. डिसेंबरात गोव्याला सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवतो. नवकारशी पाळणाऱ्याला त्यानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, पाणीही चालत नाही. साडेसहाला सुरुवात केली, तर निम्मे मैदान कोरड्या घशाने चालावे लागते. गार हवेत ते जमते. मार्चमध्ये जमत नाही. संध्याकाळी याच्या उलट. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मोठ्या हॉटेलांचे रात्रीचे जेवण त्यानंतर तास-दीड तासाने मांडले जाते. चौविहार पाळणाऱ्यांनी साडेपाचचे जेवण, कांदा-बटाटा वर्ज्य, असे खोली ठरवतानाच लेखी कळवावे. ऐनवेळी विचारले, तर थंड ब्रेड आणि कापलेली फळे पुढे येतात. मैदान त्या दिवसांत खेळासाठी खुले आहे ना, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे; हॉटेलांची छोटी मैदाने दुरुस्तीसाठी किंवा लग्नसमारंभासाठी अचानक बंद असतात.

परदेशाची हौस असणाऱ्यांसाठी कोलंबो जवळ आहे. तेथील रॉयल क्लब १८७९ चा असून केलानी खोऱ्याचा रेल्वेमार्ग त्याच्या मैदानातूनच जातो. गाडी आली की खेळ थांबतो. लोकल गाड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला ते अगदी घरच्यासारखे वाटावे. थायलंडमध्ये हुआ हिनचे मैदान १९२४ पासून आहे.

उत्तर गोव्याच्या टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. नदीच्या उत्तर तीरावरचा हा गोव्याचा चिमुकला तुकडा सिंधुदुर्गाला चिकटलेला आहे. त्याच्या पठारावर समुद्राकडे तोंड करून अठरा होलचे मैदान आणि निवास उभारण्याची योजना होती. जागा अशी, की कोणत्याही खेळाडूला मोह पडावा. पण त्या जमिनीवर कुळे होती, काजूच्या बागा होत्या. ‘आम्ही जमीन सोडणार नाही’ म्हणून गाव उभा राहिला आणि वाद उच्च न्यायालयात व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. तेरेखोल पाहायचे असेल, तर पिशवी राजबागेच्या खोलीतच ठेवावी आणि केरीहून फेरीबोटीने पलीकडे उतरावे. किल्ल्याच्या तटावरून केरीची पुळण आणि नदीचे मुख दिसते. परतीची फेरीबोट किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून ठेवावे.