पोटखराबा

माळाला मी बरीच वर्षं जमीन मानलंच नाही. माझ्या लेखी जमीन म्हणजे ओढ्याकाठची काळी, खोल, ओल धरणारी. बाकी सगळा नुसता माळ. मी शेतकीचा पदवीधर. नोकरीत शेतीकर्जाची प्रकरणं तपासत आलो. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ दिसला की त्या आकड्यावर नजर थांबायची नाही, कारण तिथे तारण म्हणून धरण्यासारखं काही नसायचं. आमच्या माण तालुक्यात अशी जमीन भरपूर. वर्षाकाठी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पायाखाली करकरणारा मुरूम आणि थोडं उकरलं की पांढरे खडे, चुनखडी.

चुनखडीयुक्त जमीन मी कॉलेजात ‘समस्यायुक्त जमिनी’ या प्रकरणात शिकलो. सामू आठच्या वर. घातलेलं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांच्या हाती लागत नाहीत. पेपरात उपाय लिहायचे: शेणखत, हिरवळीचं खत, गंधक. मी ते छान लिहायचो. ही समस्या नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

निवृत्तीनंतर गावच्या गायरानात झाडं लावायची ठरली, तेव्हा पुढाकार माझाच होता. हेतूबद्दल मला आजही शंका नाही. ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. उघडा माळ दिसला की तो झाकायला हवा, असं आतूनच वाटतं. पावसाळ्याआधी जेसीबी लावून खड्डे काढले. आंबा, जांभूळ, चिंच, करंज अशी रोपं आणली. माळावर शेरडं चारणारी एक बाई तेव्हा मला म्हणाली, ‘‘दादा, आमच्या गवताच्या मुळावर का उठलाय?’’

मी तिला समजावलं. झाडं वाढली की सावली येईल, पाऊस येईल, तुमच्या शेरडांनाही पाला मिळेल. ती काही बोलली नाही. आज ते बोलणं आठवलं की स्वतःचा राग येतो. पाऊस येईल, हे मी कशाच्या आधारावर सांगितलं होतं? माझ्याकडे आधार नव्हता, समोरच्याला गप्प करायची सवय होती. आणि शेरडं काय खातात हे ठाऊक असलेल्या बाईला मी शेरडांच्या चाऱ्याबद्दल सांगत होतो.

पहिला पावसाळा बरा गेला. नंतर आंब्याच्या आणि जांभळाच्या कोवळ्या पानांवर केवडा पडू लागला. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं, पुढेपुढे पांढुरकं. लोहाची कमतरता, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. हिराकसची फवारणी केली. पानं हिरवी झाली, नवी पालवी आली ती पुन्हा पिवळी. उन्हाळ्यात टँकरने बोअरचं पाणी घातलं. त्या पाण्यातही चुना, त्यामुळे ओल्या मातीत बायकार्बोनेट वाढलं आणि केवडा आणखी पसरला. मी जमिनीला दोष देत राहिलो. ‘खराब जमीन’ हे शब्द त्या दिवसांत माझ्या तोंडी सारखे असायचे.

माझं मत फिरलं ते अशाच एका खड्ड्यापाशी. पाऊस नुकताच होऊन गेला होता. खड्ड्यात जांभळाचं रोप पिवळं पडून उभं होतं. खड्ड्याच्या काठावर, वीतभर अंतरावर, कुसळीचं आणि पवन्याचं गवत हिरवंगार. माती तीच, पाऊस तोच. रोपाला तर मी वरून शेणखत आणि पाणी दिलं होतं, गवताला कोणी काहीच दिलं नव्हतं. तरीही पिवळं पडत होतं ते आम्ही आणलेलं रोप.

हे दृश्य मी आधीही पाहिलं असणार, रोज तिथे जात होतो. पण गवत माझ्या हिशेबातच नव्हतं, म्हणून ते दिसलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा खड्ड्याची कड नीट पाहिली. वर चार बोटं तांबूस, खडेमिश्रित माती, गवताच्या बारीक मुळांनी घट्ट बांधलेली. खाली चुनखडीचा पट्टा, हरभऱ्याएवढे नि सुपारीएवढे पांढरे खडे. त्याखाली कुजत चाललेला मुरूम. सौम्य ॲसिडचे थेंब टाकले तर वरची माती थोडी फसफसली, पांढरा पट्टा जोरात. कॉलेजात ही चाचणी दोष शोधण्यासाठी करायचो. इथे त्या फसफसणाऱ्या पट्ट्यातही मुळं उतरलेली होती. शिकलेलं सगळं खरं होतं, पण ते या मातीबद्दल अपुरं होतं, हे मला उभ्या उभ्या कळलं आणि खूप लाजही वाटली.

घरी आल्यावर पुस्तकं काढली. गोष्ट अशी आहे की हा मुरूम बेसॉल्टचा, म्हणजे लोहाने भरलेला. त्याचा तांबूस रंग लोहाचाच. पण चुन्याच्या मातीत ते लोह विरघळत नाही. जांभूळ, आंबा यांसारखी रुंद पानांची झाडं मुळांवाटे आम्ल सोडून लोह मोकळं करू पाहतात आणि भोवतालचा चुना ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतो. गवतांच्या कुळाची रीत वेगळी. त्यांची मुळं अशी द्रव्यं सोडतात जी लोहाच्या कणाला धरून ठेवतात, आणि मग मूळ ती जोडी तशीच्या तशी आत ओढून घेतं. चुन्याने या कामात फारसा अडथळा येत नाही. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये ओट आणि भाताच्या मुळांच्या धुवणातून हे दाखवून दिलं. सगळी गवतं यात सारखी पटाईत नसतात. बार्ली फार पुढे, भात आणि ज्वारी मागे. ऊससुद्धा गवतच, पण चुनखडीत लावला की त्यावर केवडा पडलेला आपण पाहतोच. माळावरची गवतं मात्र पिढ्यानपिढ्या याच मातीत निवडली गेली आहेत.

मग चुन्याकडेही वेगळ्या नजरेने पाहिलं. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या फेल्डस्पार खनिजात कॅल्शियम भरपूर. खडक कुजतो तसं ते मोकळं होतं. कोकणातला पाऊस त्याला धुऊन समुद्राकडे नेतो, म्हणून तिकडची माती आम्लधर्मी. आमच्याकडे पाणी थोडं खाली जातं आणि वाटेतच सुकतं, मागे कॅल्शियम कार्बोनेट राहतं. पाऊस साधारण कुठवर मुरतो, याची खूण म्हणजे तो पांढरा पट्टा. हेच खडे भाजून पूर्वी बांधकामाचा चुना करत. म्हणजे ही जमीन बिघडलेली नाही. इथल्या पावसाने, इथल्या खडकातून ती अशीच घडवली आहे.

खड्यांचंही तसंच. मी त्यांना शेतीतली अडचण समजायचो. पण वरचे खडे पावसाचे थेंब अंगावर घेतात, त्यामुळे माती उधळत नाही आणि वर पापडी धरत नाही. खड्यांच्या फटीतून पाणी आत शिरतं, आणि वरचा थर खड्यांचा असल्याने आतली ओल उन्हात लवकर उडत नाही. कुसळीच्या बीला लांब शेपटी असते. ओल लागली की तिचा पीळ सुटतो, सुकली की पुन्हा चढतो, आणि त्या फिरण्याने बी खड्यांमधल्या फटीत रुतत जातं. लहानपणी हीच कुसळं पायजम्यात घुसायची आणि आम्ही शिव्या द्यायचो.

अशा माळांना सरकारी नकाशातही बराच काळ पडीक म्हटलं गेलं आहे. केंद्राच्या ‘वेस्टलँड ॲटलास’मध्ये कितीतरी गवताळ प्रदेश त्याच रकान्यात आहेत. याच चुनखडीच्या, मुरमाच्या पट्ट्यात चिंकारा, लांडगा, धाविक राहतात. १९७९ मध्ये माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य झालं, तोही असाच उघडा माळ. हे मी वाचलेलं होतं. तरीही आमच्या गावचा माळ मला रिकामा वाटत होता, कारण ‘अभयारण्य’ अशी पाटी तिथे नव्हती.

आम्ही खोदलेल्या खड्ड्यांचं काय झालं, हे सांगणं भाग आहे. वाळलेली रोपं काढून काही खड्डे बुजवले. पण उकरताना खालची चुनखडी वर आली आणि मुळांनी बांधलेला थर खाली गाडला गेला. तिथे कुसळी परतलेली नाही. पावसात गाजरगवत आणि टाकळा उगवतो, शेरडं त्याला तोंड लावत नाहीत. करंजाची आणि चिंचेची काही झाडं तगली आहेत, ती राहू दिली.

त्या बाईला भेटून मी माझी चूक सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजी औंदा खड्डं न्हाईत ना?’’ नाहीत, असं मी म्हणालो, आणि ते झाडं लावणाऱ्या आमच्या मंडळाच्या बैठकीत सांगायचं काम माझ्यावर आलं. तिथे जोरदार वाद झाला. माझे एक मित्र म्हणतात की एप्रिलमध्ये माणात सावली लागतेच, आणि तू झाडांच्या विरोधात गेलास. सावली लागते, हे मलाही मान्य आहे. म्हणून ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात, वस्तीच्या रस्त्याला झाडं लावायला मी त्यांच्याबरोबर जातो. त्या जागी माती खोल आहे, पाणी घालायला माणसं आहेत. माळावर मात्र खड्डा काढू देणार नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांना ते अजून पटलेलं नाही.