शिडाच्या होड्यांचा फोटो

आमच्या केडगावच्या घरी (दौंडजवळचे केडगाव नव्हे, नगरचे) आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. आजोबा मुंबईच्या गोदीत हमालीला होते. दर १४ एप्रिलला ते त्या ट्रंकेतून एक फोटो काढीत, धोतराच्या सोग्याने पुसून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवीत आणि दिवस मावळला की परत ट्रंकेत टाकीत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही. १९८९ साली ते वारले.

फोटोत गेट वे ऑफ इंडिया आहे, म्हणजे तो १९२४ नंतरचा. समोर समुद्रात सात-आठ पांढऱ्या शिडांच्या होड्या आहेत. मासेमारीच्या नव्हेत, साहेब लोकांच्या हौसेच्या; त्यांना यॉट म्हणतात. तिथे अपोलो बंदरावर यॉट क्लब आहे, १८४६ साली स्थापन झालेला. इंग्रजी अमदानीत हिंदी माणसाला त्याचे सभासद होता येत नसे. दोर ओढायला आणि होडीचा तळ खरवडायला मात्र हिंदी हात चालत. फोटोतही कडेच्या होडीत एक पाठमोरा माणूस शिडाचा दोर धरून उभा आहे.

आजोबा जयंतीलाच फोटो काढीत, यावरून आम्ही घरच्यांनी अर्थ लावला की बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले ते हेच ठिकाण. मी तर तशी चिठ्ठी टाइप करून फोटोखाली चिकटवली आणि जयंतीला विहारात तो मांडू लागलो. भाषणातही सांगत असे. सात-आठ वर्षे हे चालले.

एका जयंतीला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, यात आगबोट कुठंय?"

मला रागच आला. घरी येऊन धनंजय कीरांचे चरित्र उघडले. बाबासाहेब ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. आणि त्या काळी विलायतेच्या मोठ्या प्रवासी बोटी लागत त्या बॅलार्ड पिअरला, गेट वेच्या उत्तरेला. व्हाउचरशिवाय नोंद करू नये, हे मी बी.कॉम.ला शिकलो, कचेरीत रोज तेच करतो आणि घरच्या फोटोची नोंद मात्र अंदाजाने केली!

शेवटी थोरल्या आत्याला विचारले. ती आता थकली आहे. बराच वेळ फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "आरं, हा तर खलाशीकाका."

तो पाठमोरा माणूस कोकणातला मुसलमान. आधी यॉटवर खलाशी होता, तिथल्याच कोण्या साहेबाने त्याला हा फोटो दिला. लढाईच्या दिवसांत गोदीत काम वाढले तेव्हा तो आजोबांच्या टोळीत आला. दोघे वाडीबंदरला एकाच खोलीत राहत. १९४४ च्या जयंतीला आजोबांना मिरवणुकीला जायचे होते, पण टोळीवाला खाडा करू देईना. तेव्हा हा म्हणाला, तू जा, तुझ्या जागी मी उभा राहतो. त्या दिवशी शुक्रवार होता. त्याने आपला नमाज सोडला.

त्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' ही बोट उभी होती. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. कापसाने पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सोन्याची एक वीट उडून दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, तिची हकिकत अजून सांगतात. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून तर हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. एकूण शेकडो माणसे मेली. त्यांत हातावर पोट असलेले हमाल किती, त्यांची नावे कुठल्या हजेरीपटावर असणार?

खलाशीकाकाचे प्रेतही सापडले नाही. आजोबा चार दिवस धक्क्यावर हिंडले. खोलीत त्याची वळकटी होती, तिच्यात हा फोटो.

"मग दादांनी आम्हाला सांगितलं का नाही?" मी विचारले.

"काय सांगणार बाळा? जयंतीचा दिवस. घरात पुरणपोळी. लेकरं नवे कपडे घालून हिंडायची."

पुढच्या जयंतीला मी विहारात उभा राहून माझी चूक कबूल केली. एक-दोघे जाणते म्हणाले, असू द्या हो, पहिलेच बरे होते. त्या मुलीने मात्र फोटो हातात घेऊन कडेची होडी पुन्हा पुन्हा पाहिली.

जुनी चिठ्ठी मी पाणी लावून काढली. नवीत लिहिले आहे : 'मुंबई बंदर. दोर धरलेला खलाशी १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकच्या स्फोटात गेला.' आत्याला त्याचे नाव आठवत नाही, म्हणून 'खलाशी' शब्दापुढे जागा कोरी सोडली आहे. वाचकांपैकी कोणाचे आजे-पणजे त्या वेळी वाडीबंदरला असतील आणि घरात अशा माणसाचे नाव निघत असेल, तर कृपया कळवावे.