उतार लहान होत नाही

छोट्या रेल्वेच्या छंदात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: १:८७. या मापाला ‘एचओ’ म्हणतात. खरी गाडी ८७ पट लहान केली की ती टेबलावर मावते. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ साली सुरू झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून पुण्याकडच्या अनेक पोरांच्या डोक्यात हा किडा शिरला. माझ्याही.

पण मी राहतो तळेगावात. लोणावळा लोकलचा आवाज घरात येतो. त्यामुळे स्विस डोंगर आणि बर्फाळ गावं करण्यात मन रमेना. मला बोरघाट हवा होता.

कॅल्क्युलेटर काढला. १८६३ साली सुरू झालेला घाटाचा मूळ चढ साधारण २५ किलोमीटर लांबीचा आणि ५५८ मीटर उंचीचा. दोन्हीला ८७ ने भागलं. लांबी २९० मीटर, उंची ६.४ मीटर. म्हणजे बारा डब्यांच्या खऱ्याखुऱ्या लोकलपेक्षा लांब आणि दुमजली घराएवढा उंच. आई म्हणाली, “आधी तेवढं घर घे, मग घाट आण.”

दुसरी गंमत रुळांची. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात, कारण युरोप-अमेरिकेतले खरे रूळ १,४३५ मिलिमीटरवर असतात. आपला ब्रॉडगेज १,६७६ चा. हिशोबाने आपल्याला १९.३ मिलिमीटर हवेत, पण बाजारात सहज मिळतात ते १६.५ चेच. त्यामुळे आपल्याकडची बहुतेक छोटी डेक्कन क्वीन परक्या, अरुंद रुळांवरून धावते. फलाटावरची तयार माणसंही तिकडचीच. दोन सेंटिमीटरची, अंगात ओव्हरकोट, हातात बॅगा. माझ्या कामशेत स्टेशनवरच्या बायकांचे ओव्हरकोट रंगवून मी त्यांच्या साड्या केल्यात. थंडीतल्या पहाटेचा सीन आहे, असं समजून काही पुरुषांना तसंच सोडलंय.

या सगळ्यात एकच गोष्ट लहान झाली नाही: उतार. घाटातला सर्वांत कडक चढ ३७ ला १ असा आहे. ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. टेबलावर ३७ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. प्रमाण तेच. एका गाडीवरून दुसरी न्यायची तर मध्ये आठेक सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे तीन मीटर नुसती चढण. आमची खोली तिथेच संपते.

खोली संपल्यावर काय करायचं, याचं उत्तर घाटातच होतं. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांच्या आराखड्यातही एका ठिकाणी डोंगराने वळायला जागा ठेवली नव्हती. म्हणून खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ झालं. गाडी टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि मागचा डबा पुढचा होऊन गाडी उलट दिशेने निघायची. पुढे नवा मार्ग निघाला, ते स्टेशन बंद झालं. माझ्या टेबलावर मात्र ते अजून सुरू आहे.

चढावर माझं इंजिनही दमतं. खऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, आपण वडापाव घेतो तेवढ्यात. मीही मागे एक लावलं. दोघांचा वेग जरा वेगळा झाला, की मधले हलके डबे वळणावर रुळाबाहेर.

हलके का? कारण वजनाचा हिशोब वेगळा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ ने घटतात, म्हणून वजन साडेसहा लाख पटींनी घटतं. चाळीस टनांचा डबा साठ ग्रॅमचा होतो, एका बटाटेवड्याएवढा. शिवाय छोट्या इंजिनात वर्म गिअर असतो. मोटर चाकाला फिरवते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. वीज बंद केली की इंजिन उतारावर जिथल्या तिथे उभं. ते निसटूच शकत नाही.

खरा घाट मात्र या निसटण्याच्या भीतीवरच उभा आहे. चढण्यापेक्षा उतरणं अवघड. म्हणून उतरणीच्या मार्गावर कॅच सायडिंग आहेत: डोंगरात वर चढत जाऊन संपणारे, बेफाम गाडीला अडवणारे रूळ. आणि सांधा एरवी मुख्य मार्गाला नाही, त्या सायडिंगलाच लावलेला असतो. गाडी थांबते, ती ताब्यात आहे हे दिसतं, मगच सांधा फिरतो. इतर ठिकाणी वाट मोकळी आहे असं धरून चालतात; इथे ब्रेक गेलेत असं धरून. आपण खिडकीतून धबधब्याचे फोटो काढतो आणि गाडी उगाच रखडली म्हणून वैतागतो, तेव्हा कुणीतरी हजारभर माणसांसाठी ही खात्री करून घेत असतं.

माझ्या टेबलावर कॅच सायडिंगची काहीच गरज नाही. तरी मंकी हिलच्या खाली एक बांधलंय. सांधा कायम तिकडेच लावलेला असतो. प्रत्येक गाडी आधी थांबते. पाहुण्यांची पोरं विचारतात, “दादा, बिघडली का?” मी दहा आकडे मोजतो, सांधा फिरवतो, मग गाडी सोडतो.